बाबराच्या गावचा कापूस

अंदिजानच्या सूतगिरणीतला माझा पहिला दिवस. अकाउंटंट बाईंनी चहा ओतला. बिनकानाचा, वाटीएवढा पियोला, आणि तोही जेमतेम निम्मा. मनात म्हटलं, बाईंचा हात आखडता दिसतोय. (तिकडे पाहुण्याचा पियोला काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ ‘प्या आणि उठा’ असा होतो. थोडं थोडं ओतत राहायचं, म्हणजे माणूस बसतो. हे मला कळायला महिना गेला.) काहीतरी बोलायचं म्हणून मी किटलीचं कौतुक केलं. गडद निळी किटली, सोनेरी रेघा आणि त्यात पांढरी फुलं. ‘फुलं छान आहेत,’ मी म्हणालो. दुभाषी मुलीनं ते सांगितलं आणि खोलीतले पाचही जण हसले.

‘फुलं नाहीत ती. पाख्ता आहे.’

पाख्ता म्हणजे कापूस. किटलीवर, पियोल्यांवर, ताटांवर उमललेलं कापसाचं बोंड होतं. हा संच उझबेकिस्तानातल्या घराघरांत आणि प्रत्येक चहाखान्यात असतो. यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेल्या, तीस वर्षं सुतात घालवलेल्या माणसाला चहाच्या किटलीवरचं बोंड ओळखता आलं नाही, ही गोष्ट मी घरी बरेच दिवस सांगितली नाही.

मी तिकडे गेलो २०१८ साली. ज्या सहकारी सूतगिरणीत माझी उमेदीची वर्षं गेली, तिचं जे व्हायचं ते झालं होतं. पगार आधी उशिरा, मग अर्धा, मग बंद. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यापुढचं सांगायला नको. त्याच सुमारास उझबेकिस्ताननं ठरवलं होतं, की यापुढे कच्चा कापूस बाहेर विकायचा नाही, सगळा घरीच कातायचा. जिकडे तिकडे गिरण्या उभ्या राहत होत्या. यंत्रं जर्मनीची, स्वित्झर्लंडची, काही आपल्या कोइमतूरची. ती चालवायला माणसं हवी होती, म्हणून तुर्की, पाकिस्तानी आणि आपल्यासारखे लोक बोलावले जात होते. माझ्या आधी इचलकरंजीकडचे दोघे-तिघे तिथे पोचलेही होते.

ताश्कंदहून अंदिजान साडेतीनशे किलोमीटर. मधे कामचिक घाट, सव्वादोन हजार मीटर उंचीचा. २०१६ मध्ये घाटाखालून एकोणीस किलोमीटरचा रेल्वे बोगदा झाला आणि गाडी सरळ फरगाना खोऱ्यात उतरू लागली. मी पहिल्यांदा गेलो तो मात्र भाड्याच्या पांढऱ्या शेवरलेमधून, तीन अनोळखी माणसं आणि एका कलिंगडासह. रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गाडी शेवरले आणि त्यातली बहुतेक पांढरी, कारण गाड्यांचा कारखाना अंदिजानजवळच्याच असाका गावात आहे. दामास नावाची त्यांची एक पिटुकली व्हॅन आहे, ती आपल्या ओम्नीची चुलत बहीण. त्यात कितीही माणसं मावतात, हा गुणही सारखाच.

अंदिजान हे बाबराचं गाव. १४८३ साली तो इथे जन्मला, बाराव्या वर्षी फरगान्याच्या गादीवर बसला, मग तिथून हुसकावला गेला आणि काबूलमार्गे आपल्याकडे आला. हिंदुस्थानात चांगली खरबुजं नाहीत, द्राक्षं नाहीत, बर्फ नाही, अशी तक्रार त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. अंदिजानचं खरबूज खाल्ल्यावर ती मला पटली. इथे तो पराक्रमी राजापेक्षाही कवी म्हणून लाडका आहे. चौक त्याच्या नावाचा, बाग त्याच्या नावाची. गिरणीतले एक वयस्कर फिटर मला आपुलकीनं विचारायचे, ‘तुमच्याकडे बाबराला खूप मानत असतील ना?’ त्याच्या खापरपणतूचा मुलगा आमच्या खुलताबादला पुरला आहे, एवढं सांगून मी पियोला पुढे करायचो. काही प्रश्नांवर चहा हेच उत्तर.

भाषेनं मला सुरुवातीला फसवलं, मग सांभाळून घेतलं. फारसी त्यांच्याकडे गेली तशी आपल्याकडेही आली. त्यामुळे हिसोब म्हणजे हिशेब, जवोब म्हणजे जबाब, फोयदा म्हणजे फायदा. ओब्रू म्हणजे पत, प्रतिष्ठा, म्हणजे आपली अब्रूच. पण बाजारात ‘सब्झी’ मागितली तर दोन किलो पिवळी गाजरं मिळाली. तिकडे सब्झी म्हणजे गाजर, आणि पुलावात ते मुठीमुठीनं पडतं. ‘हॉझिर’ म्हणजे ‘आत्ता’. आपल्या ‘हजर’चाच भाऊ. तिथला फिटर ‘हॉझिर’ म्हणाला की तास धरायचा. मोठ्या भावाला तिकडे ‘अका’ म्हणतात. मजुरांपासून मॅनेजरपर्यंत सगळे मला अका म्हणत. एकदा व्हिडिओ कॉलवर बहिणीनं ते ऐकलं आणि तेव्हापासून घरातले सगळे मला अक्का म्हणू लागले. खात्यात मात्र रशियन चाले. पाळी म्हणजे ‘स्मेना’, दुरुस्ती म्हणजे ‘रेमोंत’, नापास माल म्हणजे ‘ब्राक’, पेळू म्हणजे ‘लेंता’. पन्नाशीच्या पुढची माणसं रशियनमध्ये विचार करत, विशीतल्या पोरींना ती धड येत नसे. पाट्या कुठे लॅटिन लिपीत, कुठे सिरिलिकमध्ये. १९९३ मध्ये लिपी बदलायचा कायदा झाला, पण माणसांचे हात काही तेवढ्या झटपट बदलले नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती मला टाळता आली असती तर बरं झालं असतं.

सप्टेंबर २०१८. कामगार संघटनेचे एक गृहस्थ सकाळी टेबलाशी आले. हातात कागद, त्यावर साठेक नावं, खाली तीन सह्यांच्या जागा. दोन सह्या झाल्या होत्या, तिसरी खातेप्रमुखाची, म्हणजे माझी. दुभाषी मुलगी त्या दिवशी रजेवर होती. मला वाटलं पाळी बदलाची यादी असेल. सही केली. दुसऱ्या दिवशी रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर, अर्ध्या बाया नाहीत. चौकशी केली तर उत्तर आलं, ‘पाख्ता.’

वरून निरोप आला होता, गिरणीनं कापूस वेचायला इतकी माणसं द्यावीत. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी स्वतःच्या खिशातून रोजंदार, म्हणजे ‘मर्दिकोर’, धाडला आणि कामावर आल्या. ज्यांच्याकडे नव्हते त्या दहा दिवसांसाठी शेतावर गेल्या. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं काढलेला अंदाज असा, की सुमारे पंचवीस लाख वेचणाऱ्यांपैकी १ लाख ७० हजार जण मर्जीविरुद्ध शेतात होते. त्या आकड्यातली साठ माणसं माझ्या सहीची. संघटनेच्या अहवालात हे असं लिहिलेलं नाही, पण माझा हिसोब मला ठाऊक आहे.

बाया परतल्या तेव्हा मी रिंग फ्रेमच्या मुकादम बाईंकडे गेलो. साठीच्या जवळच्या. सगळे त्यांना ‘खोला’ म्हणजे मावशी म्हणत. दुभाषीमार्फत सांगितलं, मला माहीत नव्हतं. त्यांनी खांदे उडवले. ‘ही काय पाठवणी झाली? दहा दिवस. आम्ही सप्टेंबरात जायचो ते पहिला बर्फ पडेपर्यंत.’ मग त्यांनी शेजारच्या इलेक्ट्रिशियनला हाक मारली, ‘तुझे किती?’ तो म्हणाला, ‘साठ. एकदाच ऐंशी.’ पलीकडून स्टोअर कीपर, ‘पंचावन्न. पण माझी कंबर लहानपणापासूनच अशी.’ हे किलोचे आकडे होते, एका दिवसात वेचलेल्या कापसाचे. त्यानंतर मी पाहत गेलो, तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडे असा एक आकडा होता. माझ्या दाताच्या डॉक्टरकडे होता. ताश्कंदच्या ट्रेनमध्ये भेटलेल्या व्हायोलिन शिक्षकाकडे होता. आपल्याकडे दोन अनोळखी माणसं ‘गाव कुठलं’ विचारतात, तसे हे लोक एकमेकांना ‘किती किलो’ विचारतात आणि हसतात.

शाळा-कॉलेजं शरद ऋतूत बंद व्हायची. मुलं शेताजवळच्या कोठारात, शाळेच्या रिकाम्या वर्गात गवतावर झोपायची. पहाटे दवानं ओला कापूस, कारण ओला जड भरतो आणि आकडा लवकर गाठला जातो. (ही युक्ती आपल्या बायांनाही ठाऊक आहे. व्यापाऱ्यालाही.) झाडाची पानं गळावीत म्हणून विमानातून औषध फवारायचे, ते कधी शेतात माणसं असतानाही. खोलाला त्या औषधाचं नाव आठवत नव्हतं, वास आठवत होता. वेचलेल्याचे पैसे मिळायचे, पण जेवणाचे कापून घेतल्यावर घरी न्यायला बहुधा काही उरायचं नाही.

मी तिला माझ्या शाळेतली गोष्ट सांगितली. आमच्याकडे सोव्हिएत मासिकं यायची, गुळगुळीत कागदाची, रंगीत, जवळजवळ फुकट. वह्यांना कव्हरं घालायला त्यासारखा कागद नव्हता. माझ्या भूगोलाच्या वहीवर दोन वर्षं एक बाई होती, लांब वेण्या, डोक्यावर चौकोनी टोपी, ओंजळीत कापूस आणि तोंडभर हसू. सगळ्या वर्गाला वाटायचं, असा देश पाहिजे. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये तिकडे जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं. ते आमच्या गुरुजींनी वर्गात वाचून दाखवलं होतं. खोलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘फोटो काढणारे पहिल्या आठवड्यात यायचे.’

त्या मासिकांत आणखी एक चित्र असायचं, कापूस वेचणाऱ्या निळ्या यंत्रांच्या रांगेचं. उझबेकमध्ये त्यांना ‘निळी जहाजं’ म्हणत. ताश्कंदच्या कारखान्यात ती बनत. मग इतकी माणसं कशाला लागायची, हा माझा इंजिनिअरी प्रश्न. यंत्र होतं, पण ते कच्ची बोंडं, काडीकचरा सगळंच ओढायचं, हातानं वेचलेला कापूस साफ आणि त्याला प्रत चांगली. १९९१ नंतर सुटे भाग आणि डिझेल यांचे वांधे झाले, यंत्रं गंजली आणि शेतात राहिले ते हात. यंत्रापेक्षा विद्यार्थी स्वस्त पडत होता, हे त्याचं सरळ उत्तर आहे.

विदर्भाच्या माणसाला इथलं शेत पाहून आधी हेवा वाटतो. महाराष्ट्रात कापूस चाळीस लाख हेक्टरांवर आहे आणि बहुतेक सगळा आभाळाकडे तोंड करून. त्यांच्याकडे सुमारे दहा लाख हेक्टर, पण सगळा ओलिताखाली. पाट भरून वाहतात. १९३९ मध्ये मोठा फरगाना कालवा खणला, २७० किलोमीटर, १ लाख ६० हजार माणसांनी कुदळ-फावड्यानं, दीड महिन्यात. त्यावर चित्रपट काढायला आयझेनस्टाइन आला होता, तो काही झाला नाही. हेवा टिकतो तो नकाशा पाहीपर्यंत. अमू आणि सीर या दोन नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं आणि त्या जिथे मिळायच्या तो अरल समुद्र आटला. १९६० मध्ये तो जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होता. मुयनाक हे मासेमारीचं बंदर, आज तिथून पाणी शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे आणि जहाजं वाळूत उभी आहेत. मी तिथे गेलो नाही. जाऊन आलेले पर्यटक जहाजांवर चढून फोटो काढून आणतात, ते मला बघवत नाहीत.

कागदावरचा कापूस हा तर वेगळाच विषय. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं, की पाळीच्या रजिस्टरमध्ये उत्पादन रोज १००.२ टक्के, १००.४ टक्के. एक फ्रेम तीन दिवस रेमोंतसाठी उघडून पडली होती, तेव्हाही १००.२. फोरमनला विचारलं, तर तो माझ्याकडे काळजीनं बघायला लागला. ‘अका, शंभराच्या खाली लिहिलं तर कारण लिहावं लागतं.’ या सवयीचा इतिहास मोठा आहे. शराफ रशिदोव १९५९ पासून १९८३ मध्ये मरेपर्यंत या प्रजासत्ताकाचे पक्षप्रमुख होते. ब्रेझनेव्हला वर्षाला साठ लाख टनांचं वचन दिलेलं. शेतात तेवढा पिकत नव्हता, म्हणून कागदावर पिकू लागला. जिनिंगपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांनी वाटा घेत खोटे आकडे वर पाठवले, मॉस्कोनं न आलेल्या कापसाचे पैसे मोजले. मग चौकशी, अटका, ‘कापूस प्रकरण’. मॉस्कोच्या दृष्टीनं तो भ्रष्टाचार होता. अंदिजानात आजही असं म्हणणारे भेटतात, की त्यांनी आमच्याकडून पाणी नेलं, हात नेले, आम्ही थोडे आकडे परत घेतले. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, पण दुसरी समजते. आमच्या रजिस्टरमध्ये खरे आकडे यायला दीड वर्ष लागलं. मी ‘कारण’ हा रकानाच काढून टाकला, मग लोक ९६ लिहायला लागले.

एका विषयावर कुणीच बोलत नाही. १३ मे २००५ला याच गावात, बाबराच्या नावाच्या चौकात, सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १८७ मृतांचा. बाहेरच्या संस्था शेकड्यांत बोलतात. पाच वर्षांत माझ्यासमोर हा विषय एकदाच निघाला. टॅक्सीवाल्यानं चौकातून जाताना रेडिओ बंद केला आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा लावला.

तांत्रिक बाजू लिहायचं संपादकांना कबूल केलं होतं, पण ती फार नाही. आपल्या गाठीत पोत्याचे प्लास्टिकचे धागे आणि केस निघतात, तिथल्या गाठीत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. वेचणारे दिवसभर त्या बिया चघळतात. हवा कमालीची कोरडी, हिवाळ्यात खात्यातली दमटपणाची यंत्रणा जरा ढिली पडली की पेळू अंगाला चिकटतात आणि धागे तुटत सुटतात. सगळ्यात वाईट दिवस २५ जानेवारी २०२२. सकाळी अकराच्या सुमारास कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान तिन्हीकडची वीज एकदम गेली. एका फ्रेमवर बाराशे चात्या, अशा वीस फ्रेमी. सूतगिरणीचा आवाज ज्यानं वर्षानुवर्षं ऐकला आहे त्यालाच ती शांतता कळेल, कान दुखतात. वीज आली तेव्हा अर्ध्याहून जास्त चात्यांवर धागा तुटलेला. दिवसपाळीच्या बायांची सुट्टी झाली होती, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. खोला कोट चढवून निघालेली, तिनं कोट काढला. मग एकेक करत सगळ्यांनी. रात्री साडेदहापर्यंत त्या तुटलेला धागा जोडत राहिल्या, न सांगता. त्या दिवसाचा ओव्हरटाइम मिळवून देण्यासाठी मी व्यवस्थापनाशी जे भांडलो, ते माझ्या तिथल्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम.

बाकी गोष्टी वेगानं बदलल्या. मार्च २०२०मध्ये सरकारी कोटा रद्द झाला. तोवर शेतकऱ्यानं किती पिकवायचा, कुणाला द्यायचा, काय भावानं, सगळं सरकार ठरवी. हे मला फार परकं वाटलं नाही. १९७२ पासून आपली एकाधिकार खरेदी होती, मला पणन महासंघाच्या केंद्रावरच्या बैलगाड्यांच्या रांगा आठवतात, आणि भाव वर गेला की रात्री शेजारच्या राज्यात निघालेल्या गाड्याही. फरक एवढाच, आपल्याकडे गाडी सीमेपलीकडे नेता येत होती. त्यांच्याकडे जमीन अजूनही सरकारची आहे, शेतकऱ्याकडे भाडेपट्ट्यानं, आणि सरकारच्या जागी आता कापूस खरेदी करणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या आहेत. हे स्वातंत्र्य की मालकबदल, यावर चहाखान्यात वाद होतात. वाद होतात हीच गोष्ट नवी. मार्च २०२२मध्ये श्रम संघटनेनं जाहीर केलं, की सक्तीची पद्धत संपली. तीनशेहून जास्त विदेशी ब्रँडांनी उझबेक कापसावर टाकलेला बहिष्कार त्याच महिन्यात उठला.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी आलो तेव्हा आईला विचारलं, तू दिवसाला किती वेचायचीस? तीस वर्षं सूत मोजलं आणि हे कधी विचारलं नव्हतं. ती वाती वळत होती. ‘चाळीस. बोंडं भरलेली असली तर पन्नास. का रे?’ परत गेल्यावर मी हे खोलाला सांगितलं. तिनं मान डोलावली, आकडा तिला बरा वाटला असावा. मग विचारलं, ‘तिला नको म्हणता यायचं?’

मी म्हटलं, घरचंच वावर होतं.

‘मग वेगळं,’ खोला म्हणाली.

मला ते तितकं वेगळं वाटत नाही, पण मी पियोला पुढे केला.

सप्टेंबर २०२२. सकाळी टेबलावर कागदांचा गठ्ठा. या वेळी दुभाषी शेजारी होती आणि मी प्रत्येक कागद वाचून घेतला. रजेचे अर्ज होते, एकेकीचे, स्वतःच्या अक्षरात, कुणी लॅटिनमध्ये, कुणी सिरिलिकमध्ये. वेचणीचा किलोमागचा दर वाढला होता. हात चालणाऱ्या बाईला गिरणीच्या पगारापेक्षा शेतात जास्त मिळत होते. प्रत्येक अर्जावर रजेचं कारण एकच, पाख्ता. एकूण त्रेचाळीस अर्ज. चार फ्रेमी बंद ठेवाव्या लागणार होत्या आणि रजिस्टरमध्ये तो महिना ८१ टक्क्यांवर गेला. मी सगळ्या अर्जांवर सह्या केल्या.